मंगळवारची विहीर

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी चैतराम उके विहिरीच्या काठावर पालथा पडलेला होता. छाती दगडावर, डोकं विहिरीत, उजव्या हातात दोरी. दोरीच्या टोकाला तारेचं कडं आणि कड्याला शिवलेलं मलमलीचं कापड. बघणाऱ्याला ती भाताची पेज गाळायची गाळणी वाटली असती, पण तिचं काम डासांच्या अळ्या गोळा करायचं होतं. सप्टेंबरचा पहिला आठवडा. विहीर भरलेली, पाणी चार हातांवर आलेलं आणि अगदी स्थिर.

त्याच्या डोक्याची सावली पाण्यावर पडली तशा अळ्या झटके देत खाली गेल्या.

“गेल्या काय?” मागून शेवंताबाईंनी विचारलं.

“गेल्या.”

“मंग बस आता. आधण ठेवते.”

“बसतो, मावशी. त्या वर आल्याबिगर मी कुठी जातो?”

“त्यांलेही माहीत झालं असंन, आज मंगळवार आहे म्हणून. मुद्दाम खाली बसून राह्यल्या.”

चैतराम उठला, शर्टाला लागलेलं शेवाळ झटकलं आणि ओसरीच्या पायरीवर बसला. त्याच्या कामातला हा भाग थांबण्याचा होता. डासाची अळी पाण्यात राहते पण श्वास हवेतला घेते. भ्यायली की तळाकडे पळते, आणि पाचसात मिनिटांनी तिला वर यावंच लागतं. ती वर आली की कापड हलकेच खालून सरकवून उचलायचं. दहावीस हाती लागतात, उरलेल्या पुन्हा खाली जातात. मग पुन्हा थांबायचं. एका विहिरीला असे पाचसहा फेरे लागायचे. चहा त्यात बसायचा आणि बोलणंही त्यातच बसायचं.

चैतराम सत्तावन्न वर्षांचा आहे. मध्य प्रदेशातल्या बालाघाट शहरात हिवतापाविरुद्धच्या कामावर तो फील्ड वर्कर म्हणून आहे आणि त्याचे वार्ड वारांप्रमाणे ठरलेले आहेत. सोमवारी बसस्टँडमागची डबकी, बुधवारी नाले, मंगळवारी वैनगंगेकडे उतरणारी ही गल्ली. पाठीवर पंप, हातात तेलाचा डबा, खिशात गेरूचा खडा. ज्या घरी काम झालं त्या घराच्या भिंतीवर काय केलं ते गेरूनं लिहायचं, म्हणजे मागून तपासायला येणाऱ्याला कळतं. वापरात नसलेल्या पाण्यावर तेल टाकलं असेल तर “तेल”.

शेवंताबाईंच्या दाराशेजारी “तेल” लिहिलेलं होतं. त्यांच्या विहिरीत मात्र आठ वर्षांत तेलाचा एक थेंब पडलेला नव्हता.

तेलानं अळी का मरते हे चैतरामला नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. जबलपूरहून एक मराठी प्रशिक्षक आले होते. त्यांनी वाटीभर पाणी घेतलं आणि शिवणाची सुई आडवी, अलगद त्यावर ठेवली. लोखंडाची सुई पाण्यावर राहिली. सुईच्या खाली पाणी किंचित दबलेलं दिसत होतं, गादीवर कोणी निजावं तसं. मग त्यांनी साबणाला लावलेलं बोट वाटीच्या कडेला टेकवलं आणि सुई एकदम बुडाली. सगळे हसले. प्रशिक्षकांनी मग हजर असलेल्या पोरांना उठवलं, दाटीवाटीनं घोळक्यात उभं केलं आणि शेजाऱ्याचे हात धरायला सांगितलं.

“मधे कोण आहे? तू? तुला कोणीकडे ओढ जाणवते?”

“सगळीकडून, सर.”

“म्हणजे कुठंच नाही. चारी बाजूंनी सारखी ओढ, हिशेब शून्य. आणि कडेला कोण? तू. तुझं काय?”

कडेला चैतराम होता. तो म्हणाला, “सर, एका अंगानं कोणीच नाही. आतले ओढून राह्यले.”

प्रशिक्षकांनी टाळी वाजवली. पाण्याचं असंच असतं, ते म्हणाले. पाण्याच्या कणाची एक बाजू थोडी धन आणि दुसरी थोडी ऋण असते. त्यामुळे प्रत्येक कण शेजाऱ्याला ओढून धरतो. आतल्या कणाला सगळीकडे शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या कणाला वरच्या बाजूला नुसती हवा असते, तिथून ओढणारं जवळजवळ कोणी नाही. म्हणून तो आत खेचला जातो आणि पाण्याचा पृष्ठभाग होईल तितका लहान व्हायला बघतो. थेंब गोल होतो तो याचमुळे. सुई तरते तीही याचमुळे, कारण ती बुडायची तर आधी पृष्ठभाग वाढवावा लागतो, आणि पाणी त्याला सहजासहजी तयार नसतं. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. तेलाचे कण एकमेकांना इतके घट्ट धरत नाहीत. पाण्याचा ताण केरोसिनच्या अडीच पटींहून जास्त असतो. म्हणून तेल पाण्यावर पडलं की पाणीच त्याला ओढून पसरवतं, आणि वर तेलाचं सैल कातडं तयार होतं.

अळीचा जीव या ताणावर टिकलेला असतो. हिवतापाचा डास म्हणजे ॲनोफिलीस, त्याची अळी इतर अळ्यांसारखी शेपटीनं लटकत नाही. ती पाण्याला खालून पाठ लावून आडवी पडते. पाठीवर न भिजणारे बारीक केस असतात आणि शेपटीकडे श्वासाची भोकं. ताठ पृष्ठभाग केसांना धरून ठेवतो आणि भोकं हवेत उघडी राहतात. तेल आलं की ताण ढासळतो, अळीची पकड सुटते आणि भोकांत तेल शिरतं. घटकाभरात काम संपतं.

तेल टाकायला लागतं एक मिनिट.

नऊ वर्षांपूर्वी चैतरामनं या विहिरीत नियमाप्रमाणे तेल टाकलं होतं. नळ आल्यापासून तिचं पाणी कोणी पीत नव्हतं, भांडीसुद्धा नळावरच घासली जात. शेवंताबाई तेव्हा दळण आणायला गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी विहिरीत डोकावलं. पाण्यावर मोरपंखी रंग फिरत होते.

“पाण्यात तेल ओतते? हा काही दिवा आहे काय?”

“मावशी, वापरात नाही विहीर.”

“वापरात नाही म्हणजे मेली काय ती? उद्या माह्या वीरेंद्रच्या बायकोनं विहीर पुजाची म्हटलं तं तेलात हळद सोडाची?”

वीरेंद्र म्हणजे त्यांचा नातू. तो तेव्हा बारावीत नापास होऊन घरी बसला होता, लग्नाचा विषयही नव्हता. पण या घराची रीत जुनी होती. घरात मूल जन्मलं की सव्वा महिन्यानं बाळंतीण विहिरीवर येते, पाण्यात हळदकुंकू सोडते आणि पहिली घागर काढते. तोवर तिनं पाण्याला शिवायचं नाही. शेवंताबाईंनी स्वतः ही विहीर अशीच पुजली होती, त्यांच्या सुनेनंही पुजली होती. शेवंताबाईंचे मालक फकिराजी, मुलगा आणि सून, तिघंही आता नाहीत. विहीर आणि नातू राहिले. नातू पुढे रायपूरला गेला.

त्या वर्षी शेवंताबाईंनी संपूर्ण हंगाम दार उघडलं नाही. चैतराम दर मंगळवारी कडी वाजवायचा, आतून खोकला ऐकू यायचा, दार बंदच राहायचं. पुढच्या वर्षी तो कापडाची गाळणी शिवून घेऊन आला आणि दाराबाहेरूनच दाखवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं.

“तेल नाही?”

“तेल नाही. हातानं काढतो.”

“ह्या घरात लेकरू येऊ दे. विहीर एकदा पुजू दे. मंग टाक तुह्यं तेल, डबाभर टाक. मी नाही म्हणत नाही.”

अट अशी ठरली. विहिरीसाठी दुसराही उपाय होता, डासांच्या अळ्या खाणारे मासे. ते त्यानं दोनदा सोडले, दोन्ही वेळा उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि मासे मेले. तिसऱ्यांदा त्यानं मागितले नाहीत. भिंतीवर तेलाची नोंद असायला हवी होती म्हणून त्यानं “तेल” लिहिलं. कापडानं अळ्या काढल्या असं लिहायची सोय नव्हती, आणि काढल्या की विहीर साफ, असं तो स्वतःला सांगत असे. तसं ते खरंही होतं. अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस लागतात. दर सात दिवसांनी नीट गाळलं तर डास बाहेर पडत नाही. मात्र एकही मंगळवार चुकता कामा नये.

त्यानं मंगळवार चुकवले नाहीत. त्यामागे कर्तव्यापेक्षा वेगळं कारण होतं.

चैतरामची बायको ललिता चार वर्षांपासून नागपूरला मुलाकडे आहे. अंकितला मूल झालं, सांभाळायला कोणी नव्हतं, ती महिनाभरासाठी म्हणून गेली. भांडण नाही, तक्रार नाही. रविवारी फोन येतो. फोनवर नातवंड हिंदीत कविता म्हणतं, ललिता गॅसच्या सिलिंडरबद्दल विचारते आणि फोन संपतो. चैतराम सकाळी भात शिजवतो आणि दोन वेळा खातो. ऑफिसात बोलणं हिंदीत, दुकानात हिंदीत, ज्या घरांत तो जातो तिथली म्हातारी माणसं गेली आणि पोरं हिंदीत बोलतात. भरवेलीच्या खाणवस्तीत आईबापांकडून ऐकलेली त्याची बोली आठवडाभर तोंडात तशीच पडून असे. ती बाहेर पडायची मंगळवारी, या पायरीवर.

इथं पहिली दोन वर्षं त्याला चहा वेगळ्या ग्लासात मिळाला. ग्लास कोनाड्यात एकटा ठेवलेला असे आणि तो वेगळा का, हे दोघांनाही ठाऊक होतं. चैतरामचं घर बौद्ध, शेवंताबाईंचं कुणबी. त्याचे वडील गावी गेले की अशा घरांच्या विहिरीपासून लांब उभे राहत. तो या विहिरीवर छाती टेकून झोपत होता, पण चहाचा ग्लास वेगळा होता. तिसऱ्या वर्षी तो फुटला. शेवंताबाईंनी दुसरा आणला नाही, घरातल्याच कपात चहा दिला. त्यावर दोघांत कधी बोलणं झालं नाही.

सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी चौथ्या फेरीनंतर चैतराम म्हणाला, “मावशी, पुढचे दोन मंगळवार मी नाही. बैहरकडं फवारणीची ड्यूटी लागली.”

“जंगलात?”

“हौ. बारा दिवस.”

“मंग इथं कोण येईन?”

“घनश्याम म्हणून आहे एक. पाहून जाईन.”

“बोलते काय तो?”

“हिंदीत बोलते.”

“मंग नाही बोलत,” शेवंताबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

घनश्यामला विहिरीचं खरं सांगायचं, हे चैतरामच्या मनात आलं होतं. सांगायचं म्हणजे भिंतीवरचं “तेल” खोटं आहे, हे सांगावं लागणार. आणि घनश्यामनं दोन मिनिटांत तेल टाकलं असतं. चैतरामनं सांगितलं नाही.

तो बैहरहून परतला तेव्हा घनश्याम हसत म्हणाला, “उके जी, आपका वार्ड तो बड़े आराम का है. हर दीवार पर तेल लिखा है. मैं तो बस टहलके आ गया.”

त्या मंगळवारी चैतराम विहिरीवर वाकला. पाण्यावर राखाडी, पोकळ, पारदर्शक कातडी तरंगत होती. डास कोशातून बाहेर पडला की मागे जे राहतं ते. किती होती हे मोजता आलं असतं, त्यानं मोजलं नाही. त्यानं कापडानं ती उचलली, कडुनिंबाखाली झटकली, आणि पुन्हा पहिल्यासारखं गाळायला लागला. तेलाचा डबा पायरीवर होता. त्याला हात लावला नाही.

“काय निघालं?” शेवंताबाईंनी विचारलं.

“कचरा आहे,” तो म्हणाला.

ऑक्टोबरच्या मध्यावर गल्लीत ताप आला. दोन घरं पुढे रजत आणि अंजूचं घर आहे, त्यांची मुलगी श्रुतिका चौथीत. थंडी वाजून ताप, एक दिवसाआड, उलट्या. दोन रात्री तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. तपासणीत हिवताप निघाला. औषध सुरू झालं, चौदा दिवसांचं, आणि मुलगी घरी आली. मध्येच पुन्हा एकदा रक्त तपासायचं होतं. ते काम चैतरामचं.

श्रुतिका बाजेवर बसलेली होती. चेहरा पिवळट, गुडघ्यावर शाळेची पिशवी.

“अंकल, सुई दर्द करेगी?”

“चींटी जितना.”

“लाल वाली चींटी कि काली वाली?”

“काली वाली.”

त्यानं बोट पुसलं, टोचलं, दाबलं. रक्ताचा थेंब बोटावर गोल उभा राहिला, काचेच्या मण्यासारखा, आणि फुटला नाही. त्यानं तो काचपट्टीवर टिपला.

“झूठे,” श्रुतिका म्हणाली. “लाल वाली थी.”

अंजूनं मुलीचा हात आपल्या हातात घेतला आणि चैतरामकडे पाहिलं. आवाजात आरोप नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

“भैया, अपनी गली में तो सब जगह तेल का निशान लगा है ना? फिर मच्छर आया कहाँ से?”

चैतराम म्हणाला, “देखते हैं.”

घरी जाऊन त्यानं हिशेब केला. डास कोशातून निघाला सप्टेंबरच्या मध्यात. त्यानं आधी कोणा आजारी माणसाला चावलं पाहिजे, मग त्याच्या पोटात रोगाचे जंतू तयार व्हायला दहाबारा दिवस, मग मुलीला चावल्यावर ताप यायला साधारण तेवढेच. तारखा जुळत होत्या. पण तारखा जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. तो डास नाल्यावरचाही असू शकतो, पलीकडच्या गल्लीतलाही. कोणता डास कोणत्या पाण्यातून उठला हे जगात कोणीही सिद्ध करू शकत नाही. चैतरामला हे चांगलं माहीत होतं आणि त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. रात्रीचा भात त्यानं तसाच झाकून ठेवला.

पुढच्या मंगळवारी त्यानं गाळणी घरीच ठेवली.

शेवंताबाईंनी दार उघडलं. त्याचे हात पाहिले. एका हातात डबा, दुसऱ्यात लांब दांड्याची पळी.

“कापड कुठी आहे?”

“आणलं नाही, मावशी. आज तेल टाकतो. रजतच्या पोरीले मलेरिया झाला, तुमाले माहीत आहे.”

“माहीत आहे. मी जाऊन आली. संत्री देऊन आली.”

“माह्याच चुकीनं झालं असंन. मी बैहरले गेलतो तवा इथून डास उडाले. मी पाह्यलं आल्यावर. पाहून बी तेल टाकलं नाही.”

शेवंताबाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. चैतरामनं जे आठवडाभर जुळवून ठेवलं होतं ते बोलून टाकलं.

“तुमची अट माह्या ध्यानात आहे. वीरेंद्रच्या लेकराले चार महिने झाले. दिवाळीत येतीन ते, विहीर पुजतीन. मले माहीत आहे. तुम्ही दार लावून घेसान तं लावा. पण तेल मी टाकतो आज.”

“नाही येत ते,” शेवंताबाई म्हणाल्या.

“दिवाळीत?”

“दिवाळीत नाही, कवाच नाही. पूजा झाली त्यांची. श्रावणात. तिथं तिसऱ्या माळ्यावर राह्यतेत, विहीर कुठून आणतीन? नळ पुजला. नळाले हळदकुंकू लावलं, बालटी भरली, झालं. नातसुनेनं, रीनानं फोटो पाठवला. नळाले हार घातला होता पोट्टीनं.” त्या किंचित हसल्या. “मोठा दिसत होता हार. नळ दिसतच नोता.”

चैतरामला समजायला थोडा वेळ लागला. श्रावण म्हणजे ऑगस्ट. सप्टेंबरात तो बैहरला गेला त्याच्या आधी.

“मंग मले काहून नाही सांगतलं?”

“सांगतलं असतं तं तू त्याच दिवशी तेल टाकून गेला असता.”

 चैतरामनं तेल टाळण्याचंही कारण तेच होतं, फक्त त्यानं ते आजपर्यंत शब्दांत मांडलं नव्हतं, आणि आताही मांडलं नाही. दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे होते. पलीकडे दोन घरांवर श्रुतिका पाढे म्हणत होती, मध्ये खोकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती.

“टाक,” शेवंताबाई बाजूला होत म्हणाल्या. “मले पाहू दे एकदा. मी कदी पाह्यलं नाही.”

तो काठावर पालथा झाला. या खेपेला त्याही शेजारी वाकल्या, एक हात त्याच्या खांद्यावर टेकून, कारण गुडघे धरत नव्हते. अळ्या झटक्यानं खाली गेल्या. चैतरामनं पळी डब्यात बुडवली आणि तेल हळूच पाण्यावर सोडलं. तेल पडलं त्या जागेपासून बाहेर पळालं, चारी बाजूंनी, कोणी ओढून नेल्यासारखं, आणि भिंतीला जाऊन लागलं. काठाशी अडकलेलं कडुनिंबाचं पान त्यानं ढकललं गेलं. मग पाण्यावर रंग आले, मोरपंखी, जांभळे, आणि ते संथ फिरू लागले.

काही मिनिटांनी अळ्या वर आल्या, एकेक करून, नेहमीसारख्या. पाठ लावायला गेल्या. पाठ लागली नाही. घसरून खाली गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा घसरल्या.

“धराले काही राह्यलं नाही त्यांले,” शेवंताबाई म्हणाल्या.

“हौ.”

“एवढंच काम असते?”

“एवढंच.”

“आणि तू आठ वर्षं इथं बसत होता.”

“हौ, मावशी.”

त्या सरळ झाल्या. चैतरामनं डब्याचं झाकण लावलं, पळी चिंधीनं पुसली, गेरूचा खडा काढला. भिंतीवरचं जुनं “तेल” त्यानं ओल्या फडक्यानं पुसून काढलं आणि त्याच जागी नवं लिहिलं, खाली तारीख घातली. लिहिताना त्याला सवयीनं वाटलं की आता पायरीवर बसायचं. पण थांबण्यासारखं काही उरलं नव्हतं. चुलीवर आधण नव्हतं. आधण अळ्या खाली गेल्यावर ठेवलं जायचं, चौथ्या फेरीला उकळायचं, आज त्याची वेळच आली नाही. शेवंताबाईंच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

“पुढच्या मंगळवारी येसीन?”

“पाहाले यावं लागते. तेलाचं कातडं फाटलं तं पुन्हा टाकाले.”

“पाहाले किती वेळ लागते?”

“वरूनच दिसते. उभ्याउभ्या.”

“असं,” त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मंगळवारची गल्ली साडेआठच्या आत संपली. एरवी दहा वाजत. चैतराम नदीच्या घाटावर जाऊन थोडा वेळ बसला, तिथं त्याला काही काम नव्हतं. बारा वाजता ऑफिसात पंप जमा केला. घनश्यामनं विचारलं, “आज जल्दी?” त्यानं मान हलवली.

संध्याकाळी ललिताचा फोन आला, रविवार नसताना. नातवंडाला सर्दी झाली होती, ओव्याचा काढा किती उकळायचा हे विचारायला. त्यानं सांगितलं. आज काय केलं, असं तिनं विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

उद्या बुधवार. श्रुतिकाचं औषध आज रात्री संपतं, त्यामुळे उद्या सकाळी आठ वाजता चैतरामला तिच्या घरी जाऊन पुन्हा एकदा रक्त घ्यायचं आहे. नंतर नाले आहेत. रजतच्या घरी जाताना शेवंताबाईंचं दार वाटेत लागतं. बुधवारी त्या घरात त्याचं काम नसतं.